कमल गावडे आणि सुरेखा पाटील

सुरेखा,

काल सकाळी तुझं पुन्हा अभिनंदन झालं. या आठवड्यात आपल्या विभागात सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तुझा आहे, असं त्या संशोधनवाल्या साईटनं कळवलंय. खाली हिरवं बटण होतं, ही आनंदाची बातमी सहकाऱ्यांना कळवा म्हणून. मी नुकतंच लायब्ररीचं दार उघडून, पंखा लावून कॉम्प्युटरपुढे बसले होते. चहा यायचा होता. वाचून आधी हसू आलं, मग डोळे भरले, मग राग आला. राग कुणाचा ते विचारू नकोस. तुझं तेरावं होऊन पंधरवडा झाला नाही, आणि हे लोक तुला आणखी एक लेख टाकायचा आग्रह करताहेत.

त्यांचा तरी काय दोष? तू गेलीस हे त्यांना सांगायचं कुणी? तुझं खातं काढलं तेच लायब्ररीच्या मेलवर. "माझ्या मेलचा पासवर्ड मलाच आठवत न्हाय, तुझाच घाल की," म्हणाली होतीस. तेव्हापासून तुझ्या सगळ्या शाबासक्या माझ्याकडे येतात. फोटो मागितला तेव्हा मोबाईलमधला गुळाच्या ढेपेचा फोटो लावलास. मी म्हटलं, अगं, रसायनशास्त्राची डॉक्टर तू, जरा चांगला फोटो लाव. तर म्हणे, "माझं थोबाड बघून कोण पेपर वाचणार हाय? गूळ बघून तरी वाचतील." टाय लावलेल्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या विद्वानांच्या रांगेत तुझी ती ढेप अजून तशीच बसली आहे. काल मी तिच्याकडे बराच वेळ बघत बसले.

आपलं भांडण मात्र अर्धवट राहिलं. तुझ्या लेखी ते मिटलं असेल, माझ्या लेखी नाही. रसायनशास्त्राची कुठलीही पोरगी प्रकल्पाला लागली की तू तिला माझ्याकडे पाठवण्याऐवजी आपणच लेख मिळवून देऊन मोकळी व्हायचीस. कुठून आणलास म्हणून विचारलं तर म्हणायचीस, "लेखकाला मागितला, त्यानं दिला. मागितलं की माणूस देतंय, तू मागून तर बघ." इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण तुझे स्वतःचे छापून आलेले लेख प्रकाशकाच्या शिक्क्यासकट तू साईटवर चढवायचीस, तिथे माझं डोकं फिरायचं. मी ग्रंथपाल आहे. पुस्तक उशिरा आणलं तर मी प्राचार्यांनाही सोडत नाही, हे अख्ख्या कॉलेजला माहीत आहे. मी तुला समजावायची, बाई, लेख देताना तू करारावर सही केलीस, छापील प्रत आता त्यांची झाली. छापण्याआधीचा तुझा मसुदा टाक, त्याला कुणाची हरकत नसते.

तू बशीतला चहा संपवायचीस आणि म्हणायचीस, "सही मी केली हे खरं. पण गुळाच्या काहिलीपुढं उभारून भाजून कोण निघालं? त्यो प्रकाशक आलता काय?"

"नियम आहे गं."

"नियम हाय म्हणून तर तुझी नोकरी हाय. तू नियम सांग, मी मोडतो."

पीएच.डी. झालीस, विभागप्रमुख झालीस, तरी आपल्या कोल्हापुरी पोरींसारखं 'मी येतो, मी जातो' काही तुझं सुटलं नाही. सुटू नये असंच मला वाटायचं, तुला कधी म्हणाले नाही.

एकदा तू घरून स्वतःचाच लेख उघडायला गेलीस, तर प्रकाशकाच्या साईटनं पैसे मागितले. दुसऱ्या दिवशी तणतणत लायब्ररीत आलीस. "घर माझं, चूल माझी, आणि बाहेरनं कुलूप! किल्ली मागायला मीच दारात!" वाचनकक्षातली मुलं माना वर करून बघायला लागली, तरी तुझा आवाज खाली येईना. त्या दिवशी मी तुझ्याशी वाद घातला नाही. पण पुढे कुणीतरी तुझा एक लेख उचलून, वर आपलं नाव घालून, कुठल्याशा बोगस नियतकालिकात छापला, तेव्हा मात्र मी म्हटलंच, बघ, उघड्यावर टाकलं की असं होतं. तू म्हणालीस, "चोरला म्हणजे वाचला तरी. आपल्या विभागात कुणी वाचलाय, नाव सांग." तसं नाव एकही नव्हतं. पण चोराला वाचक म्हणायचं झालं तर मला लायब्ररीला टाळं लावावं लागेल, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. यावर तुझं उत्तर यायचं राहिलंय.

तो पाटलांचा गोंधळ आठवला की मला अजून एकटीला हसू फुटतं. खातं नवीन होतं. साईटनं एस. व्ही. पाटील या नावाचे लेख समोर आणून ठेवले आणि विचारलं, हे तुमचे का? तुझ्या एका हातात वडा होता. तुला वाटलं, नाव बरोबर आहे का एवढंच विचारताहेत. "व्हय की, माझंच नाव," म्हणत तू भराभर होय होय दाबत सुटलीस. आपल्याकडे दगड भिरकावला तर पाटलाच्याच अंगणात पडायचा. संध्याकाळपर्यंत काँक्रीटच्या तुळया, म्हशींच्या कासेचे आजार, हृदयाच्या झडपा, आयकर, सगळं तुझ्या नावावर जमा झालं. कराडच्या एका स्थापत्यवाल्या पाटलांचा संतापलेला मेल आला, तर तू त्यांना थेट फोनच लावलास. "पावणं, चुकून झालंय, रागाला येऊ नगा. पर तुमची तुळई झ्याक हाय बघा, मी सगळी वाचली." त्यानंतर ते दर दिवाळीला तुला शुभेच्छा पाठवायचे. यंदाही पाठवतील. त्यांना काय उत्तर द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

ते सगळे परके पाटील एकेक करून काढण्यात आपली सुट्टी गेली. शेवटचा काढला, तरी तू यादी खालीवर करत राहिलीस.

"काय शोधतेस?"

"सगळ्या पाटलांचं माझं म्हणून दाखवलं, आणि माझंच तेवढं न्हाय. पहिला पेपर. भेंडीचा."

"नाव घालून शोध की."

"ह्या नावानं न्हाय घावायचा. त्येच्यावर के. आर. गावडे हाय."

"हे गावडे कोण?"

"मीच की."

इतक्या वर्षांची आपली मैत्री, रोज एका डब्यातलं खाणं, आणि तू लग्नाआधी कमल होतीस हे मला त्या दिवशी कळलं. कमल रामचंद्र गावडे, चंदगडची. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि नावही गेलं, बापाचं नावही गेलं, आडनावही गेलं. माझं लग्नात आडनाव बदललं, पण मंदाकिनीची मंदाकिनी राहिले, म्हणून मला ते कधी बोचलं नव्हतं. तू हे सगळं हसत सांगितलंस. त्या लेखाविषयी मात्र हसत नव्हतीस. रस उकळताना मळी काढायला गुऱ्हाळवाले पांढरी पावडर टाकतात. त्याऐवजी भेंडीची झाडं ठेचून काढलेलं जुन्या पद्धतीचं चिकट पाणी वापरलं तर गूळ किती स्वच्छ होतो, किती टिकतो, हे तू एम.एस्सी. झाल्या झाल्या हंगामभर गुऱ्हाळावर जाऊन तपासलं होतंस. एका लहानशा विज्ञानसंस्थेच्या त्रैमासिकात ते छापून आलं. पुढे संस्था बंद पडली, त्रैमासिकही गेलं. साईटवर त्या लेखाची यंत्रानं केलेली नुसती नोंद होती. शीर्षक, के. आर. गावडे, आणि फोटोच्या जागी करडं, नाक-डोळे नसलेलं डोकं. खाली लिहिलेलं, लेख उपलब्ध नाही.

उपाय सोपा होता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं लेखकानं कळवलं की साईट ती जोडून टाकते. मी तुझ्या मागेच लागले. "करतो की सवडीनं," हे तुझं ठरलेलं उत्तर. मी पुन्हा म्हणायची, तू पुन्हा तेच. शेवटी एकदा प्रयोगशाळेबाहेरच्या गॅलरीत मी तुला अडवलंच.

तू म्हणालीस, "मंदा, लग्नात नाव बदललं तवा मला कुणी इचारलं न्हाय. ही साईट निदान इचारतीया, ह्या दोघी एकच हायत का म्हणून. तेवढ्यासाठी तिला मानलं पायजे."

"मग सांग की एकच आहोत म्हणून."

"त्येच तर कळंना झालंय."

तेवढ्यात घंटा झाली आणि तू वर्गावर गेलीस. नंतर कितीतरी वेळा आपण त्या गॅलरीत उभ्या राहिलो, पण तो विषय निघाला नाही. मी मनाशी तर्क करत राहिले. कधी वाटायचं, त्या गावड्यांच्या पोरीपाशी पाटील नसलेलं असं एवढं एकच उरलंय, ते तिचं तिलाच राहू दे, असं तुझ्या मनात असेल. कधी वाटायचं, छे, हा नुसता आळस आहे. तुला तो भरपूर होता. आता कुठलं खरं ते मला कधीच कळणार नाही, आणि सुरेखा, तू नसण्याचं जे दुःख आहे ना, त्यातलं निम्मं हेच आहे. कुणाला विचारायचं?

तेराव्यानंतर चारेक दिवसांनी तुझे आप्पा लायब्ररीत आले. चंदगडहून एसटीनं, एकटेच. मी त्यांना तुझ्या घरी लांबून पाहिलं होतं, बोलले नव्हते. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, अजून खुर्चीत ताठ बसतो. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "लायब्ररीवाल्या बाई तुमीच न्हवं? कमळ तुमचं नाव घ्यायची."

मी हो म्हटलं.

"एक इचारायचं हुतं. कमळ म्हणायची, आप्पा, माझं नाव मोबाईलात घातलं की जगात कुठंबी माझा लेख दिसतोय. नातीनं घालून बघितलं. दिसत न्हाय की."

मी तुझं पान उघडून दाखवलं. ढेप बघून ते हसले. सगळी यादी वाचून दाखवली, कुठकुठल्या देशांत तुला वाचतात ते सांगितलं. मान डोलवत ऐकत होते. मग म्हणाले, "ही सुरेखा. चांगलं हाय. त्यांच्या घरचं नाव हाय, त्येला माझी ना न्हाय. पर मी ठेवलेली कमळ कुठं हाय ह्यात?"

मग मला ती दुसरी नोंद दाखवावी लागली. करडं डोकं. इंग्रजीतलं गावडे त्यांनी बोट ठेवून ओळखलं. "हिला तोंड का न्हाय?" म्हणाले. लेख उघडत नाही हे कळल्यावर टोपी घातली आणि परतीच्या गाडीची वेळ विचारली. म्हातारा माणूस, लेक गेलीय, आणि एवढा घाट चढून फक्त तिचं नाव बघायला आलेला. मी स्टँडवर सोडायला गेले. ते गाडीत चढताना म्हटलं, आप्पा, मी बघते.

बघते म्हटलं खरं, पण करणार काय? तुझा पासवर्ड माझ्याकडे आहे. तुझ्या खात्यात शिरायचं आणि 'मीच या लेखाची लेखक आहे' हे बटण दाबायचं, संपलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, दाब की, कोण बघतंय? मी माऊस तिथवर नेलाही. पण मी तू नाही गं. दुसरा रस्ता नियमाचा. तू गेल्याचं साईटला कळवायचं, दाखला जोडायचा, ते खातं बंद करतात. म्हणजे सुरेखाही मिटली, आणि कमल तर तिथे नव्हतीच. तेही माझ्यानं झालं नाही. नियम समोर असून मी तो पाळला नाही, असं माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं. हे ऐकून तू पेढे वाटले असतेस.

मग मला आपल्या कॉलेजचं ऑनलाईन भांडार आठवलं. त्याला तू 'मंदाचं कपाट' म्हणायचीस आणि त्यात कधी एक कागद टाकला नाहीस. तिथे मात्र माझा अधिकार चालतो. त्या त्रैमासिकाचे बांधीव खंड खालच्या मांडणीवर होते. त्या संस्थेचे जुने चिटणीस अजून आहेत. त्यांना फोन करून परवानगी मागितली, तर फोनवर त्यांचा आवाजच बदलला. "अहो, घाला. कुणीतरी विचारलं, हेच पुष्कळ झालं," म्हणाले. आणि रविवारी उचगावला तुझ्या घरी गेले. तुझे विजयराव कागलच्या कारखान्यातनं पाळी करून नुकतेच आले होते. चहा त्यांनीच केला. साखर जास्त झाली होती, तरी दोघांनीही तो संपवला. मी लेखाचं सगळं सांगितलं आणि विचारलं, नाव काय घालू? त्यांनी रिकामा कप खाली ठेवला.

"सुरेखा नाव आमच्या आईनं ठेवलेलं," ते म्हणाले. "सुरवातीला घरात कोण नसलं की मी तिला कमलच म्हणायचो. मग पोरंबाळं झाली, ऱ्हाऊन गेलं. दोन्ही घाला वहिनी. पर कमल आधी घाला."

पानं मी स्वतः स्कॅन केली. शिपायाला हात लावू दिला नाही. लेखकाच्या रकान्यात लिहिलं, कमल रामचंद्र गावडे ऊर्फ सुरेखा विजय पाटील. इंग्रजीत लिहिलं आणि मराठीतही. त्या रकान्यात एवढं लांब नाव आजवर कुणाचं गेलेलं नाही.

आज आप्पा पुन्हा आले. मी फोन केला होता. त्यांच्यासमोर मोबाईलवर मराठीत 'कमल रामचंद्र गावडे' घातलं, आणि पहिल्याच ओळीत तू आलीस. दाबलं, उघडलीस. त्यांनी पान मोठं करून मागितलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, तरी पानामागून पान बघत राहिले. एका पानावर नमुन्यांच्या बाटल्यांचं चित्र होतं, तिथे थांबले. "ह्या बाटल्या मीच आणायचो की गुऱ्हाळावरनं. माझ्या सीटखाली पोत्यात गुंडाळून. एक फुटली तर घरी येऊन बापाला शिव्या दिल्यात हिनं." आणि मग पोटभर हसले. मीही हसले. तुझ्या शिव्या मला माहीत आहेत.

ते उठायच्या बेतात होते, तोच तुझ्या नावानं एक निरोप लायब्ररीच्या मेलवर येऊन पडला. आसामकडच्या एका विद्यापीठातली संशोधक मुलगी. तिकडेही गूळ करतात म्हणे. तिनं लिहिलं होतं, डॉ. पाटील, तुमचे सगळे लेख मी वाचले. तुमच्या प्रत्येक लेखाच्या संदर्भसूचीत पहिलं नाव के. आर. गावडे यांचं असतं. मी त्यांना सगळीकडे शोधलं, त्यांचं दुसरं काहीच सापडत नाही. तुम्ही त्यांना ओळखता का?

तुझे सगळे लेख कॉलेजच्या अहवालासाठी माझ्या हातानं नोंदलेले आहेत, सुरेखा. मी ते एकेक करून पुन्हा उघडले आणि शेवटच्या पानावर गेले. मुलगी म्हणते ते खरं होतं. पाकावरचा लेख असो, रंगावरचा असो, अगदी ज्याचा भेंडीशी सुतराम संबंध नाही तोही असो, पहिला संदर्भ गावडे. साईटला उत्तर दिलं नाहीस, मला दिलं नाहीस, पण दर वेळी स्वतःच्या आधी तिला उभी केलीस. मी उत्तर लिहायला घेतलं. त्या दोघी एकच होत्या आणि आता नाहीत, एवढं एक वाक्य लिहायचं होतं. 'नाहीत' या शब्दापाशी हात थांबला तो थांबलाच.

"काय झालं बाई?" आप्पांनी विचारलं. "काय इचारतीया ती?"

"विचारतेय, कमल गावडेंना तुम्ही ओळखता का."

आप्पा पुन्हा खुर्चीत बसले.

"मग थांबलाय कशाला? लिवा की."

"काय लिहू आप्पा?"

"लिवा, व्हय, वळखतो. मी बाप हाय तिचा."

मी तसंच लिहिलं.